एकतिसाव्या चालीनंतर

बुद्धिबळाच्या स्पर्धेतला डाव हरला की त्याची कारणे पटावर शोधली जातात. घोडा नको त्या घरात गेला, वजिरांची मारामारी टाळायला हवी होती, सुरुवातीच्या चालींची तयारी कमी पडली. खेळाडू आदल्या रात्री किती झोपला होता, फेरीआधी काय खाऊन आला होता, सकाळची गोळी वेळेवर घेतली होती का, सभागृहात हवा खेळती होती का, हे सहसा कोणी विचारत नाही. पण मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. तीन-चार तासांच्या डावात शरीराच्या बारीकसारीक तक्रारीही पटावर उमटतात.

या बाबतीत जगज्जेत्यांपेक्षा हौशी खेळाडूंचे डाव जास्त शिकवून जातात. नामांकित खेळाडूच्या दिमतीला प्रशिक्षक असतो, त्याचा आहार आणि व्यायाम ठरलेला असतो. हौशी खेळाडू नोकरी किंवा शाळा सांभाळून खेळतो, पहाटेची एसटी पकडून स्पर्धेच्या गावी येतो आणि वडापाव खाऊन पहिल्या फेरीला बसतो. त्याचे शरीर चारचौघांसारखेच असते. शिवाय बुद्धिबळात प्रत्येक चाल कागदावर लिहिली जाते आणि कोणती चाल किती चुकली हे आज संगणक नेमके सांगू शकतो. माणसाच्या विचारातल्या चुकांचा इतका चोख हिशेब दुसऱ्या कामात क्वचितच मिळतो. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ, शरीरशास्त्रज्ञ आणि अलीकडे हवेच्या प्रदूषणाचे अभ्यासकही बुद्धिबळाच्या सभागृहात शिरले.

समजा, एका तालुक्याच्या गावी शाळेच्या सभागृहात रविवारची स्पर्धा भरली आहे. पांढरी मोहरी घेऊन पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ बसले आहेत. बँकेत नोकरी, दहा वर्षांपासून मधुमेह. समोर काळी मोहरी घेऊन सातवीतली एक मुलगी. दोघांच्या घड्याळात ९० मिनिटे, शिवाय प्रत्येक चालीमागे ३० सेकंदांची भर. हिशेब केला तर पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकाला जास्तीत जास्त ११० मिनिटे मिळतात. या वेळात दोघांच्या शरीरात काय घडते?

पहिल्या दहा चाली

सुरुवातीच्या चाली भराभर होतात. बघणाऱ्याला वाटते, केवढी ही स्मरणशक्ती! याची परीक्षा अमेरिकेतले विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये घेतली. त्यांनी खऱ्या डावातला पट खेळाडूंना पाच सेकंद दाखवला, मग झाकला आणि मोहरी पुन्हा मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने पहिल्या प्रयत्नात सुमारे १६ मोहरी बरोबर मांडली, चांगल्या हौशी खेळाडूने ८ आणि नवशिक्याने ४. त्यानंतर तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा हा फरक जवळपास नाहीसा झाला.

याचा अर्थ निष्णात खेळाडूकडे काही वेगळी, सर्वसाधारण स्मरणशक्ती नसते. तो मोहऱ्यांचे ओळखीचे पुंजके पाहतो. वाचताना आपण एकेक अक्षर न पाहता अख्खा शब्द ओळखतो, तसेच हे. सातवीतल्या मुलीने चार वर्षे रोज तासभर सराव केला असेल, तर तिच्याजवळ अशा पुंजक्यांचा मोठा साठा असतो. समोरच्या गृहस्थांच्या वयाचा इथे उपयोग नाही.

पालकांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बुद्धिबळाने गणिताचे गुण वाढतात, अशी जाहिरात अनेक शिकवण्या करतात. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत याची पद्धतशीर चाचणी झाली. वर्षभर बुद्धिबळ शिकवूनही त्या मुलांच्या गणितात फरक दिसला नाही, असा अहवाल २०१६ मध्ये आला. मुलांनी बुद्धिबळ अवश्य खेळावे. एका जागी बसायला, हार पचवायला आणि चाल करण्याआधी थांबायला हा खेळ शिकवतो. पण गणिताची शिकवणी म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

मधल्या डावातला सापळा

पंधराव्या चालीच्या आसपास पाठ केलेले संपते आणि खरा विचार सुरू होतो. ‘मी हत्ती इथे आणला, तिने उंट मारला, मग माझे प्यादे पुढे...’ ही साखळी ज्या तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवावी लागते, तिची जागा फार थोडी आहे. एका वेळी तीन-चार गोष्टींपलीकडे तिथे मावत नाही. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग हे काम करतो. झोप अपुरी असली की आधी त्याच भागाचे काम ढेपाळते. रात्री दीडपर्यंत मोबाइलवर झटपट डाव खेळून सकाळी नऊच्या फेरीला बसणारा खेळाडू पाठ केलेल्या चाली नीट खेळतो आणि सतराव्या चालीला हत्ती फुकट देतो, तो यामुळेच.

दुसरी अडचण अनुभवाची. ब्रिटनमधील मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांगल्या खेळाडूंना त्यांनी असा पट दिला, ज्यात मात करण्याची एक सुपरिचित युक्ती होती आणि तिच्याहून जवळचा पण कमी ओळखीचा दुसरा मार्गही होता. बहुतेकांना ओळखीची युक्ती लगेच दिसली. त्यानंतर ‘आम्ही आणखी चांगला मार्ग शोधत आहोत’ असे ते सांगत राहिले, पण त्यांची नजर टिपणाऱ्या यंत्राने वेगळेच दाखवले. त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा जुन्याच युक्तीच्या घरांवर जात होते. ते खोटे बोलत नव्हते. एक चांगली कल्पना डोक्यात बसली की ती दुसरीला वाट देत नाही आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दवाखान्यातही हेच घडते. डेंग्यूची साथ असली की येणारा प्रत्येक ताप डेंग्यूचा वाटू लागतो आणि मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग नजरेआड होऊ शकतो. बुद्धिबळाचे जुने शिक्षक सांगतात की चांगली चाल सुचली तर आधी हातावर बसा आणि दुसरी शोधा. डॉक्टरांनीही हा सल्ला पाळावा.

विचाराने वजन उतरते का?

बुद्धिबळाचे खेळाडू स्पर्धेच्या एका दिवसात सहा हजार कॅलरी जाळतात, असा दावा गेली काही वर्षे फिरतो आहे. तो पटण्याजोगा नाही. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तोच वापरतो, हे खरे. मात्र तो ती जवळजवळ सतत वापरतो, झोपेतसुद्धा. कठीण विचार करताना त्यात पडणारी भर किरकोळ असते.

फ्रान्समध्ये वीस खेळाडूंवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डावादरम्यान श्वासातले वायू मोजून ऊर्जेचा खर्च काढला गेला. मिनिटाला १.५३ कॅलरीवरून तो १.६७ वर गेला. तीन तासांच्या डावात ही वाढ २५ कॅलरींच्या आसपास भरते, म्हणजे साधारण एका ग्लुकोज बिस्किटाएवढी. नाडी मात्र मिनिटाला ७५ वरून ८६ वर गेली. गोंधळ इथेच होतो. मनगटावरचे घड्याळ नाडीवरून कॅलरींचा अंदाज बांधते. पळताना नाडी वाढते, कारण स्नायूंना प्राणवायू हवा असतो. डावात ती वाढते ती ताणामुळे. स्नायू काहीच काम करत नसतात.

अनातोली कार्पोव्ह आणि गॅरी कास्पारोव्ह यांच्यातला जगज्जेतेपदाचा सामना सप्टेंबर १९८४ ते फेब्रुवारी १९८५ असा पाच महिने चालला. ४८ डावांनंतर तो निकालाविना थांबवण्यात आला. त्या काळात कार्पोव्हचे वजन बरेच उतरल्याची चर्चा झाली. पण भूक मरणे, झोप उडणे आणि सततचा ताण एवढे त्याला पुरेसे आहे. विचारांच्या भट्टीत चरबी वितळत नाही.

मग डाव संपल्यावर इतके गळून का जायला होते? पॅरिसमधील संशोधकांचा २०२२ चा अभ्यास यावर थोडा प्रकाश टाकतो. सहा तासांहून अधिक काळ कठीण बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन, सोपे काम केलेल्यांपेक्षा जास्त साठलेले आढळले. असे थकलेले लोक निर्णयाच्या वेळी सोपा, लगेच फळ देणारा पर्याय अधिक निवडत होते. दिवसाच्या दुसऱ्या फेरीत जिंकता येण्याजोग्या डावात बरोबरी मागण्याचा मोह होतो, त्याच्याशी हे जुळते.

घाम आणि थरथरणारा हात

तिसाव्या चालीला गृहस्थांच्या घड्याळात सहा मिनिटे उरली आहेत. छाती धडधडते आहे, कपाळावर घाम आहे, मोहरा उचलताना हात थरथरतो आहे. सगळ्यांना वाटते, वेळेची चणचण आहे, दुसरे काय?

बहुतेक वेळा ते खरेच असते. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात उतरते आणि ही लक्षणे दिसतात. पण मधुमेही माणसात रक्तातली साखर घसरली तरी नेमकी हीच लक्षणे येतात, कारण तेव्हाही ॲड्रिनलिनच काम करत असते. इन्शुलिन घेणाऱ्याला किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला जेवण चुकले की हा धोका असतो. सकाळी गोळी घेतली, पहिली फेरी लांबली, जेवायला वेळ मिळाला नाही आणि दुसरी फेरी सुरू झाली, हा क्रम हौशी स्पर्धांत नेहमीचा आहे.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की आधी घाम आणि थरथर, मग गोंधळ. गोंधळलेला खेळाडू एकाच मोहऱ्याकडे बघत राहतो, चाल लिहायला विसरतो, समोरच्याची चाल झाली तरी घड्याळाकडे पाहत बसतो. बघणाऱ्यांना तो विचारात बुडालेला वाटतो. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांत धडधड आणि थरथर दबलेली राहू शकते. घाम मात्र येतो. तेव्हा मधुमेही खेळाडूला घाम फुटला, तर आधी तीन चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि त्यानंतर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नये, थेट रुग्णालय गाठावे.

नियमांचीही माहिती हवी. पंचांच्या मंजुरीशिवाय खेळण्याच्या जागेत कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण जवळ बाळगता येत नाही. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलेल्या खेळाडूने फेरी सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मुख्य पंचांशी बोलून घ्यावे. ऐन डावात यावरून वाद झाला तर नुकसान खेळाडूचेच होते.

छातीत जडपणा, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, धाप ही लक्षणे असतील तर ‘टेन्शन आले’ म्हणून बसून राहू नये. २०१४ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात झालेल्या ऑलिम्पियाडच्या शेवटच्या फेरीत सेशेल्सचा ६७ वर्षांचा खेळाडू डाव सुरू असतानाच कोसळला आणि नंतर त्याचा मृत्यू झाला. बसून खेळायचा खेळ असला तरी हृदयावर ताण येतो. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना तेवढा ताणही जड जाऊ शकतो.

चहा-कॉफीने डोके चालते का? जर्मनीतल्या ३९ खेळाडूंवरचा एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅफीन आणि मेंदूला उत्तेजन देणारी आणखी दोन औषधे घेतलेल्या खेळाडूंनी जास्त खोलवर विचार केला, पण विचार करता करता त्यांची वेळ संपू लागली. वेळेअभावी हरलेले डाव वगळले तरच फायदा दिसत होता. नेहमीचा एक कप घ्यायला हरकत नाही. वेळेची चणचण असताना तिसरा कप मात्र घेऊ नये. उत्तेजक औषधे तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अजिबात नकोत.

हवेचा हिशेब

एवढ्या सगळ्यात सर्वांत कमी लक्ष जाते ते हवेकडे. जर्मनीत २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे सात फेऱ्यांच्या स्पर्धांत संशोधकांनी सभागृहात सेन्सर बसवले. स्टेफेन क्यून, हुआन पालासिओस आणि निको पेस्टेल ही त्या अभ्यासकांची नावे. प्रत्येक स्पर्धा आठ आठवडे चालली. १२१ खेळाडू, ३० हजारांहून अधिक चाली. सेन्सर तापमान, कार्बन डायऑक्साइड आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान धूलिकण मोजत होते. प्रत्येक चालीचे मोल संगणकाने ठरवले. तेच खेळाडू, तेच सभागृह, बदलत होती ती हवा.

निष्कर्ष असा निघाला की पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले, की चूक होण्याची शक्यता २.१ टक्के बिंदूंनी वाढते आणि झालेली चूकही अधिक मोठी असते. या स्पर्धांतही पहिल्या ४० चालींसाठी ११० मिनिटेच होती. एकतिसाव्या ते चाळिसाव्या चालीदरम्यान, म्हणजे वेळ संपत आलेली असताना, तीच वाढ ३.२ टक्के बिंदूंवर गेली. हवा खराब असताना मेंदूचे काम एरवी कसेबसे भागते. घाई झाली की उणीव उघडी पडते. पुढे जर्मनीच्या अव्वल लीगमधल्या वीस वर्षांच्या डावांशी बाहेरच्या हवेच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हाही चित्र तसेच दिसले.

त्या सभागृहांतले प्रमाण १४ ते ७० मायक्रोग्रॅम होते. भारताच्या मानकानुसार २४ तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. मुंबई-पुण्यातच नव्हे, तर कारखाने, वीटभट्ट्या किंवा मोठी बांधकामे जवळ असलेल्या लहान शहरांतही हिवाळ्यात सत्तरचा आकडा नवलाचा नाही. आपल्याकडे सुट्टीतल्या बऱ्याच स्पर्धा दिवाळीच्या आसपास होतात, नेमक्या फटाक्यांच्या धुरात. भर म्हणून उद्घाटनाला अगरबत्ती आणि धूप, कोपऱ्यात डासांची कॉइल आणि दारातच चालू ठेवलेला जनरेटर.

हे कण इतके बारीक असतात की नाकात अडत नाहीत. ते फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तिथे दाह निर्माण करतात आणि त्याचे परिणाम रक्तवाहिन्यांवर होतात. वर्षानुवर्षांच्या प्रदूषणाने दमा, हृदयविकार आणि पक्षाघात वाढतो, हे आता सर्वमान्य आहे. बुद्धिबळाच्या अभ्यासाने त्यात एक भर घातली: त्या दिवसाची, त्या खोलीतली हवासुद्धा त्याच दिवसाच्या निर्णयावर परिणाम करते.

पटावर बसण्यापूर्वी

खेळाडूंनी आदल्या रात्री सात-आठ तास झोपावे, मुलांनी नऊ. सामन्याआधी पोहे, उपमा, भाकरी-भाजी असे हलके खावे. दोन फेऱ्यांच्या मध्ये बिर्याणीचे ताट रिचवून बसू नये, कारण दुपारी दोन ते चार या वेळात शरीर मुळातच सुस्तावते. पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि घोट घोट पीत राहावे. स्वच्छतागृह अस्वच्छ म्हणून अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने लक्ष ढळते आणि मूत्रमार्गाचा संसर्गही होतो. समोरचा विचार करत असेल तेव्हा उठून चार पावले चालावे. मधुमेहींनी गोळीची वेळ स्पर्धेच्या वेळापत्रकाशी कशी जुळवायची हे डॉक्टरांना आधी विचारावे, मनाने गोळी बंद करू नये, आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. दमा असलेल्या मुलाचा इनहेलर शाळेच्या दप्तरात नव्हे, त्याच्या खिशात हवा.

आयोजकांची जबाबदारी याहून मोठी आहे. फेऱ्यांमध्ये किमान तासभर अंतर, प्यायचे पाणी, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, एक प्रथमोपचार पेटी आणि साखर तपासण्याचे यंत्र एवढे कोणत्याही स्पर्धेला परवडते. सभागृहात धूप आणि कॉइल नको. झाडलोट फेरीच्या तोंडावर न करता आदल्या दिवशी ओल्या फडक्याने करावी. भिंतीवरचा साधा एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. बाहेरच धूर असेल तर खिडक्या बंद ठेवून हवा शुद्ध करणारे यंत्र लावावे. धूलिकण मोजणारे छोटे यंत्र आता काही हजार रुपयांत मिळते.

हे सगळे केवळ बुद्धिबळाच्या हौशी मंडळींसाठी आहे असे समजू नये. इस्रायलमध्ये बारावीच्या दर्जाच्या परीक्षांचा अभ्यास झाला, तेव्हा ज्या दिवशी हवेत धूलिकण जास्त त्या दिवशी गुण कमी, असेच आढळले. रविवारी स्पर्धा संपते, पट गुंडाळले जातात. सोमवारी त्याच सभागृहात परीक्षेची बाके मांडली जातात. तिथे बसणाऱ्या मुलांनाही वेळ मोजूनच मिळते आणि त्यांचेही शेवटचे प्रश्न घाईतच सुटतात. त्यांच्यासाठी तरी त्या खिडक्या आदल्या दिवशी उघडून पाहायला हव्यात.